हंगामी मुक्कामासाठी नवा ट्रेलर कसा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जमेल तितके दिवस पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात, एका कॅम्पग्राउंडवर (मुक्कामाला जागा भाड्याने देणाऱ्या आवारात) उभ्या केलेल्या आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून नेता येणाऱ्या चाकांवरच्या घरात काढतो. मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद हातात पडला की कोणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "आम्हालाही घ्यायचाय, कसा घेतलात?" हा आमचा दुसरा ट्रेलर. पहिला पाण्याने खाल्ला, त्याची हकिकत पुढे येईलच. लोक जे विचारतात त्याची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. आकडे आणि नियम अमेरिकेतले आहेत.

सुरुवात कुठून करायची? आधी ट्रेलर की आधी जागा?

आधी जागा. आम्ही उलटं केलं आणि पस्तावलो. डीलरच्या आवारात चकचकीत ट्रेलर पाहिला, मुलांना आवडला, सही केली आणि मग जागा शोधायला निघालो. हव्या त्या कॅम्पग्राउंडवर एवढ्या लांबीचा ट्रेलर मावेल असा प्लॉटच शिल्लक नव्हता.

हंगामी प्लॉट म्हणजे तुमची जमीन नव्हे. एका मोसमापुरती मिळालेली परवानगी आहे, आणि मालकाचे नियम तिथे शेवटचे. म्हणून ट्रेलर पाहायला जाण्याआधी कॅम्पग्राउंडच्या कचेरीत बसून करारनामा मागून घ्या आणि घरी आणून शांतपणे वाचा. प्लॉटवर जास्तीत जास्त किती फुटी ट्रेलर चालतो? वीज ३० ॲम्पियरची आहे की ५०? सांडपाण्याची जोडणी प्लॉटवरच आहे की टाकी उपसायला गाडी येते? पाणी कोणत्या तारखेला सुरू होतं आणि कधी बंद करतात? विजेचं मीटर वेगळं आहे का? पाहुण्यांचे पैसे लागतात का? (आपल्याकडे पाहुणे म्हणजे दोन माणसं नसतात, तेव्हा हा प्रश्न विसरू नका.) डेक किंवा पडवीसारखी खोली जोडायला परवानगी आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेलर किती जुना होईपर्यंत ठेवू देतात आणि पुढे विकायचा झाला तर जागेवरच विकू देतात की हलवावाच लागतो? बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर नव्याने आत घेत नाहीत. जागेवर विकता आला तर त्याला किंमत येते. हलवायचा झाला तर डेक, पायऱ्या, शेड सगळं मागे सोडून यावं लागतं.

शक्य असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस एखाद्या शनिवारी तिथे चक्कर मारा. हंगामी मंडळी सामान आवरत असतात, बोलायला मोकळी असतात. गेल्या तीन वर्षांत भाडं किती वाढलं आणि मोठ्या पावसात कोणत्या रांगेत पाणी साचतं, हे तेच खरं सांगतील.

त्यात वर्षभर राहता येईल का?

नाही, आणि त्या हिशेबाने घेऊही नका. हंगामी कॅम्पग्राउंड थंडीत पाणी बंद करतात. त्याहून मोठी गोष्ट वॉरंटीच्या कागदात दडलेली असते. अनेक कंपन्या कायमच्या राहण्यासाठी वापर केल्यास वॉरंटी लागू नाही असं स्पष्ट लिहितात. सही करण्याआधी तो परिच्छेद शोधून वाचा आणि वर्षातले पाच-सहा महिने, मधूनमधून राहणं त्यात बसतं का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. डीलरच्या तोंडी शब्दाला इथे अर्थ नाही.

'चारही ऋतूंसाठी' असा शिक्का पुष्कळ ट्रेलरांवर दिसतो. त्या शब्दांना सगळ्या उद्योगाने मान्य केलेलं एकच मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या परीने तो लावते.

प्रकार तरी किती आहेत?

आपल्या कामाचे चार.

साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या हिचला, म्हणजे ओढण्यासाठीच्या जोडणीला जोडतात. फिफ्थ व्हील पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचला जोडतात. आत उंची आणि सामानाची जागा चांगली, पण पिकअप लागतोच. डेस्टिनेशन ट्रेलर हा साधारण ३५ ते ४० फुटी किंवा थोडा अधिक, घरासारखी सरकती काचेची दारं, मोठा फ्रिज, उंच छत असलेला प्रकार. तो एका जागी नेऊन ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. चौथा पार्क मॉडेल, म्हणजे चाकांवरचं छोटं कॉटेजच. अमेरिकेत त्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस फुटांपर्यंतच असू शकतं आणि त्याचं बांधकामाचं मानकही इतर ट्रेलरांहून वेगळं आहे. बहुतेक पार्क मॉडेलना स्वतःच्या सांडपाण्याच्या टाक्या नसतात, ती थेट ड्रेनेजला जोडतात. ते आणून बसवायला माहीतगार माणसं लागतात आणि पुन्हा हलवणं खर्चाचं आहे.

माझं मत विचाराल तर, जागेवरून हलणारच नसाल आणि कॅम्पग्राउंड परवानगी देत असेल, तर डेस्टिनेशन ट्रेलर बहुतेकांना पुरून उरतो. मुलं लहान असतील आणि "एखाद्या वर्षी मेन राज्यात नेऊ, एखाद्या वर्षी व्हर्जिनियाला" असा बेत असेल, तर २५ ते ३० फुटी साधा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या. दोन्ही हौशी एकाच ट्रेलरवर भागवायला गेलात की दोन्ही अर्धवट राहतात.

मग मोठा ट्रकही घ्यावा लागेल का?

एकाच जागी ठेवणार असाल तर अजिबात नाही. डीलर पैसे घेऊन जागेवर आणून देतो, किंवा ट्रेलर ओढून नेण्याचा व्यवसाय करणारा माणूस मिळतो. कित्येक कुटुंबं केवळ ट्रेलरपायी ट्रेलरपेक्षा महाग ट्रक घेऊन बसतात आणि तो वर्षातून दोनदा वापरतात. तो पैसा वाचवा.

स्वतः ओढणार असाल तर मात्र हिशेब काटेकोर हवा. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या व्हॅनपैकी होंडा ओडिसीची ओढण्याची क्षमता फार तर ३,५०० पौंड, आणि २०२१ पासूनच्या टोयोटा सिएनाची तर १,५००च. होंडा पायलट, टोयोटा हायलँडर या एसयूव्ही फार तर ५,०००, तेही योग्य मॉडेल असेल तर. ट्रेलरच्या माहितीपत्रकात रिकामं वजन ठळक छापतात. तुम्ही पाहायचं ते भरल्यानंतरचं कमाल अनुज्ञेय वजन. ते ७,५०० पौंड असेल, तर त्यातला १० ते १५ टक्के भार, म्हणजे ७५० ते १,१२५ पौंड, हिचवर खाली दाबतो. तो गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होतो आणि आत बसलेली माणसंही त्यातूनच वजा होतात. फिफ्थ व्हीलमध्ये हाच भार १५ ते २५ टक्के असतो. विक्रेता "आरामात ओढेल" म्हणाला तरी गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल स्वतः वाचा.

आतली रचना कशी निवडायची?

इथे घाई करू नका. आम्ही दुसऱ्या खेपेला एकेका ट्रेलरमध्ये तासभर बसलो. विक्रेत्याला सांगितलं, "आम्हाला आत एकटं सोडा." मग हे पलंगावर आडवे झाले, मी ओट्यापाशी उभी राहिले, मुलगा संडासात जाऊन दार लावून बसला. दार लावल्यावर गुडघे भिंतीला टेकतात का, हे बाहेरून कधीच कळत नाही.

ट्रेलरच्या बाजूची खोली बाहेर सरकते तिला स्लाइड म्हणतात. स्लाइड आत असताना संडासापर्यंत आणि फ्रिजपर्यंत पोचता येतं का, ते बघा. ओढत नेताना वाटेत थांबलात तर लागतं. स्लाइड जितक्या जास्त तितकी जागा ऐसपैस, पण प्रत्येक स्लाइड म्हणजे भिंतीला पाडलेलं मोठं भोक आहे आणि पाणी आत यायची वाट आहे. आमच्याकडे आता एकच आहे.

आपल्या स्वयंपाकासाठी काही गोष्टी मुद्दाम बघाव्या लागतात. ट्रेलरची शेगडी बहुधा तीन बर्नरची, पण बर्नर इतके जवळ की कुकर ठेवला की शेजारी तवा बसत नाही. तुमचा कुकर आणि तवा डीलरकडे घेऊन जा आणि ठेवून बघा. आम्ही नेला होता. विक्रेत्याला नवल वाटलं, पण आम्ही पाहिलेले दोन ट्रेलर त्या एका चाचणीत बाद झाले. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून परत आतच सोडतो, तेही विचारा. फोडणीचा वास पडद्यांत आणि गाद्यांत बसला की मोसम संपेपर्यंत निघत नाही. आम्ही फोडण्या आणि तळण बाहेर, छपराखाली वेगळ्या गॅसवर करतो. खाणं आवरलं की तिथलं सगळं लगेच आत घेतो, कारण पोकोनोत काळी अस्वलं आहेत आणि त्यांना वास फार लांबून लागतो.

पांढरा ओटा घेऊ नका. हळदीचा डाग पडला की तिथेच मुक्काम करतो.

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे येणार असतील तर तीन जागा नीट बघा. दाराच्या पायऱ्या किती उंच आहेत आणि धरायला भक्कम दांडा आहे का? पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का, की एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं? आणि रात्री संडासाकडे जाताना पायरी लागते का? पुष्कळ ट्रेलरांत पलंगाची खोली एक पायरी वर असते. सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याच पायरीवर रात्री अडखळल्या. लागलं नाही, पण त्या उन्हाळ्यात त्यांनी रात्री पाणी पिणंच सोडून दिलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नव्या ट्रेलरमध्ये सगळी जमीन एका पातळीत आहे. तो घेण्याचं पहिलं कारण तेच.

३० ॲम्पियरची वीज पुरते का?

गुणाकार करून बघा. ३० ॲम्पियर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट. छतावरचा एसी साधारण १२ ते १५ ॲम्पियर घेतो, मायक्रोवेव्ह १२ च्या आसपास, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) आठ-नऊ. एसी चालू असताना भात लावला आणि कोणी मायक्रोवेव्ह दाबला की वीज गेलीच. सवय होते, पण मोठं कुटुंब असेल तर ५० ॲम्पियरचा ट्रेलर घ्या. त्यात ५० ॲम्पियरच्या दोन स्वतंत्र वाहिन्या येतात, म्हणजे १२,००० वॉट. प्लॉटवर ती जोडणी असली पाहिजे, हे ओघाने आलंच.

चांगली बांधणी कशी ओळखायची? कंपन्या तर शेकडो दिसतात.

नावं शेकडो, घराणी मोजकी. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. जेको, कीस्टोन, एअरस्ट्रीम ही सगळी थॉर या एकाच समूहाची. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशायर हॅथवेची. ग्रँड डिझाइन २०१६ पासून विनेबागोची. चौकट, आस, शेगड्या, पंप पुष्कळदा त्याच त्या पुरवठादारांचे. म्हणून "कोणती कंपनी चांगली" यावर रात्र जागवण्यापेक्षा समोरचा ट्रेलर नीट बघितलेला बरा.

ट्रेलर मरतो तो पाण्याने. इंजिन नाही, गिअर नाही, झिजायला फार काही नाही. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून, स्लाइडच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतं आणि आतलं लाकूड कुजतं. म्हणून छताचं आवरण एकसंध आहे की तुकड्यांचं, आणि सांध्यांवरचा सीलंट सलग आहे की तुटक, ते शिडी लावून वर चढून बघा. बाहेरच्या भिंती दोन प्रकारच्या असतात. नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. गुळगुळीत फायबरग्लास दिसायला देखणा, पण त्यामागे पातळ प्लायवूड असेल आणि त्यात पाणी शिरलं तर थर सुटून भिंतीला फुगे येतात, ते नीट बसवणं जवळजवळ अशक्य. प्लायवूडऐवजी अझडेलसारखं न कुजणारं साहित्य वापरलं असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असेन.

आमच्या पहिल्या ट्रेलरचं असंच झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात दार उघडलं तेव्हा पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कपाटाला येतो तसा कुबट वास आला. स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यात जमीन बिस्किटासारखी मऊ झाली होती. ह्यांनी अंगठ्याने दाबली तर अंगठा आत गेला. वर पाहिलं तर भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरची पट्टी नखाएवढी उचललेली होती. डीलर म्हणाला, देखभाल नीट केली नाहीत, वॉरंटीही संपली. घरी येऊन आम्ही ताबा घेतल्याच्या दिवशीचा फोटो काढला. मुलं ट्रेलरसमोर हात वर करून उभी आहेत तो. मोठा करून पाहिला. ती फट त्या दिवशीही होती.

ताबा घेताना काय काय तपासायचं?

म्हणूनच हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवा ट्रेलर म्हणजे बिनदोष ट्रेलर, हा समज काढून टाका. तो कारखान्यात घाईने बांधला गेलेला असतो आणि नंतर शेकडो मैल हादरे खात आलेला असतो.

करार करतानाच त्यात लिहून घ्या की ताब्याआधी पाणी, वीज आणि गॅस जोडून संपूर्ण तपासणी करू द्यायची आणि उरलेली रक्कम तपासणीनंतरच द्यायची. आम्हाला पहिल्या वेळी नोव्हेंबरच्या भुरभुर पावसात, छत्री धरून, चाळीस मिनिटांत सगळं दाखवलं आणि टेबलावर सह्यांचे कागद आणले. दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी नऊला गेलो आणि दुपारी तीनला निघालो. डबा नेला होता.

फ्रिज आदल्या संध्याकाळी सुरू करून ठेवायला सांगा, कारण काही प्रकारचे फ्रिज गार व्हायला रात्र जाते. एसी अर्धा तास, हीटर अर्धा तास चालवा. गरम पाणी प्रत्येक नळाला येऊ द्या. मग कागदी टॉवेलचा कोरडा तुकडा घ्या आणि ओट्याखाली, बेसिनखाली, संडासामागे, पंपापाशी प्रत्येक जोडावरून फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदाला लगेच दिसतो. आमच्या नव्या ट्रेलरमध्ये शॉवरमागचा एक जोड असाच सापडला, तिथल्या तिथे घट्ट केला. तो राहून गेला असता तर महिनाभर भिंतीच्या आत ठिबकत राहिला असता.

स्लाइड तीनदा आत-बाहेर करा आणि बाहेर उभं राहून रबराच्या कडा कुठे दुमडतात का बघा. डीलर तयार असेल तर होज लावून छतावर आणि स्लाइडच्या कडांवर वीस मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन बसा. प्रत्येक खिडकी, प्रत्येक ड्रॉवर उघडा. टायरवर चार आकडी संख्या असते. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. 'नव्या' ट्रेलरचे टायर दोन वर्षांचे निघू शकतात.

स्वतःवर विश्वास नसेल तर स्वतंत्र तपासनीस बोलवा. त्यांची राष्ट्रीय संघटना आहे आणि ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ते डीलरकडे येतात. डीलर बाहेरचा तपासनीस येऊ देत नसेल तर दुसरा डीलर बघा.

जे दोष निघतील ते दुरुस्त होईपर्यंत ट्रेलर तिथेच राहू द्या. "घेऊन जा, नंतर करून देतो" याला हो म्हणू नका. पूर्ण पैसे हातात पडले की तुमचा ट्रेलर दुरुस्तीच्या रांगेत शेवटी जातो आणि आपला मोसम आहेच मुळी साडेपाच महिन्यांचा.

नवाच का? दोन-तीन वर्षं वापरलेला का नको?

वापरलेला घ्यायला माझी ना नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि कारखान्यातले दोषही त्याने काढून घेतलेले असू शकतात. फक्त सालाकडे लक्ष द्या. करोनानंतर मागणी एवढी उसळली की २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक आरव्ही (ट्रेलर, मोटरहोम अशी राहण्याची वाहनं) पाठवल्या, तो विक्रम होता. २०२३ मध्ये हाच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. त्या गर्दीच्या वर्षांत बांधलेला ट्रेलर घ्यायचा तर तपासनीस हवाच.

नवा घेण्याची खरी कारणं दोन. कॅम्पग्राउंडचा दहा वर्षांचा नियम, आणि आधीच्या माणसाने छताची निगा कशी राखली याची चिंता नाही.

भाव कसा करायचा?

छापील किंमत कोणी देत नाही. साध्या ट्रेलरांवर छापील किमतीच्या २० ते ३० टक्के कमी मिळणं ही नवलाची गोष्ट नाही. एअरस्ट्रीमसारख्यांवर तेवढं सुटत नाही.

भाव विचारताना एकच वाक्य बोला: "सगळं धरून, दारातून बाहेर काढायला एकूण किती?" त्यात ने-आण, तयारी, कागदपत्रं, कर सगळं आलं पाहिजे. नाहीतर किमतीत सोडलेले पैसे 'तयारी शुल्क' म्हणून परत आत घेतात. तीन डीलरांकडून एकाच मॉडेलचे आकडे ईमेलवर मागवा आणि एकमेकांना दाखवा. पण दुरुस्तीसाठी जवळचा डीलर लागतो. दूरचा थोडक्यात स्वस्त असेल तर जवळचाच बरा.

वेळ साधायची तर सप्टेंबर ते जानेवारी. नव्या सालाची मॉडेल आलेली असतात आणि डीलरला जुनी काढायची असतात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला दर सप्टेंबरात फार मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं. एका दिवसात शंभर रचना आतून पाहायला मिळतात, पाय मात्र दुखतात. तिथे पाहा, नोंदी करा, पण "आजच्या दिवसापुरता भाव" ऐकून सही करू नका.

डेलावेअरला विक्रीकर नाही म्हणून तिथून घेऊ, असं पुष्कळांना सुचतं. ट्रेलरची नोंदणी न्यू जर्सीत करायची तर ६.६२५ टक्के इथे भरावेच लागतात.

कर्ज काढावं का?

शक्यतो नको, आणि काढलंत तर लहान मुदतीचं. ट्रेलरला दहा, पंधरा, वीस वर्षांचं कर्ज मिळतं आणि महिन्याचा हप्ता इतका छोटा दिसतो की मन विरघळतं. ४०,००० डॉलर, ८ टक्के व्याज, पंधरा वर्षं धरा. हप्ता साधारण ३८२ डॉलर. एकूण भरणा जवळपास ६८,८००. पाच वर्षांनी तुमच्या डोक्यावर अजून साधारण ३१,५०० असतात. पाच वर्षांच्या ट्रेलरला तेवढे येतीलच असं नाही. मग विकायचा तर खिशातून पैसे घालून विकावा लागतो.

एक फायदा आहे. ज्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आहे असा ट्रेलर करासाठी दुसरं घर धरता येतो आणि त्यावर तारण असलेल्या कर्जाचं व्याज वजावटीत दाखवता येतं, पण वजावटी एकेक करून मांडत असाल तरच. आपल्या करसल्लागाराला विचारा.

वाढीव वॉरंटी घ्यावी का?

ताब्याच्या दिवशी, थकलेल्या अवस्थेत, डीलरच्या कचेरीत बसून तर मुळीच नाही. कागद घरी आणा. गळतीमुळे झालेलं नुकसान त्यात धरलेलं नसेल तर आपल्या उपयोगाची नाही. तेच पैसे बाजूला ठेवा. कॅम्पग्राउंडवर येऊन दुरुस्ती करणारा फिरता मेकॅनिक आधीच गाठून ठेवा, त्याचा नंबर फार कामाला येतो.

संडासाच्या टाकीचं कसं करायचं? आपल्याला पाणी लागतं.

पाणी वापरा, टाकीला ते चांगलंच आहे. हाताने धरायचा फवारा बसवून घेता येतो. चूक वेगळीच होते. प्लॉटवर ड्रेनेज जोडलेलं असतं म्हणून लोक संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवतात. पाणी वाहून जातं आणि मैला खाली साचून त्याचा ढीग घट्ट होतो. इथली माणसं त्याला पिरॅमिड म्हणतात आणि तो काढणं भयंकर काम आहे. झडप बंदच ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा, आणि मग थोडं पाणी आत घालून ठेवा. स्वयंपाकाच्या आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी त्यानंतर सोडा, म्हणजे नळी धुऊन निघते.

हिवाळ्यात ट्रेलर तिथेच ठेवायचा का?

बहुतेक कॅम्पग्राउंड ठेवू देतात. पाणी पूर्ण काढायचं, गरम पाण्याची टाकी रिकामी करायची, नळांतून गुलाबी रंगाचं आरव्हीसाठीचं अँटिफ्रीझ (नळ्या गोठू न देणारा द्राव) येईपर्यंत पंप चालवायचा, बेसिन-शॉवरच्या वाकड्या नळीतही थोडं ओतायचं. गाडीच्या इंजिनचं अँटिफ्रीझ नव्हे, ते विषारी असतं. बॅटरी काढून घरी आणायची. पीठ, डाळी, बिस्किटं, अगदी मसाल्याचा डबाही मागे ठेवायचा नाही, कारण उंदीर. नळ्या आत शिरतात तिथल्या फटींत स्टीलची घासणी कोंबा. निघण्याआधी आणि मेमध्ये परतल्यावर, असं वर्षातून दोनदा छतावर चढून सगळे सांधे बघायचे आणि फोटो तारखेसकट जपून ठेवायचे. वॉरंटीत भांडायची वेळ आली तर तेच कामाला येतात.

विमा?

घ्यायचाच. वारा, गारा आणि पडणारं झाड त्यात आहे ना, आणि पहिल्या काही वर्षांत पूर्ण नुकसान झालं तर नवा ट्रेलर मिळतो की घसरलेली किंमत, एवढं विचारा.

अजून मन होत नाही. आधी राहून बघता येईल का?

येतं, आणि आम्हाला कोणी हे सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. ज्या कॅम्पग्राउंडवर जागा घ्यायचा विचार आहे, तिथेच बहुधा भाड्याचे ट्रेलर किंवा पार्क मॉडेल असतात. जूनमध्ये तीन रात्री घ्या. सगळ्या घराला न्या, स्वयंपाक आतच करा, एक जण घरून काम करतो असं धरून इंटरनेटही तपासा. आणि हवामान खात्याने पाऊस सांगितला तर बुकिंग पुढे ढकलू नका. दारं-खिडक्या लावून पाच माणसं आत, छतावर पाऊस, ओल्या चपला दारात आणि कुकरच्या शिट्ट्या, असा एक अख्खा दिवस काढून बघा. मग हर्शीला जा.